नदीने दिलेली जमीन

भिंगरीने ट्रेसिंग पेपरची खालची कडा दोन बोटांत धरली आणि कागद अलगद वर उचलला, तसा खालचा साठ वर्षांपूर्वीचा नकाशा उघडा पडला. शाळेच्या सभागृहातल्या माना एकदम पुढे झाल्या. तिने कागद खाली सोडला, नदी सरकली. पुन्हा वर उचलला, नदी जागेवर.

"बघितलंत?" ती म्हणाली. "नदी चालते. आपण झोपलेलो असतो तेव्हासुद्धा."

लोक हसले. तिला तेच तर हवं होतं. गेल्या वर्षापर्यंत वर्गात नुसती हजेरी देतानाही जिच्या घशाला कोरड पडायची, तीच ही मुलगी आज दोन्ही काठांच्या माणसांसमोर छडी घेऊन उभी होती, आणि तोंडाचा पट्टा असा सुरू होता की भूगोलाच्या बाईंनी दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं तरी तिने ते पाहिलं नाही. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती लहानपणापासून एका जागी ठरत नसे. आता शाळेतही तेच नाव झालं होतं, आणि तिला ते आवडायला लागलं होतं.

प्रकल्पाचं नाव होतं 'जमिनीचा वापर: काल आणि आज'. बाईंनी मोजणी कार्यालयातून जुन्या नकाशाच्या प्रती आणल्या आणि प्रत्येकाला गावाचा एकेक तुकडा वाटून दिला. भिंगरीच्या वाट्याला नदीचं वळण आलं. वळणाच्या आतल्या बाजूला तिचं स्वतःचं शेत, बाहेरच्या बाजूला पलीकडचा काठ. दोन महिने ती पायांनी अंतरं मोजत, लोकांना विचारत हिंडली. पिकाखालची जमीन हिरवी, चराईची पिवळी, ओसाड तपकिरी. प्रत्येक रंगासमोर तीन रकाने: तेव्हा काय होतं, आता काय आहे, आणि बदलाचं कारण.

"आता हा हिरवा तुकडा बघा." तिने छडी टेकवली. "जुन्या नकाशात तो नाहीच. इथे तेव्हा पाणी होतं. आज इथे आमचा भाजीचा मळा आहे. पाऊण एकर. ही जमीन कोणी विकत घेतली नाही. ती तयार केली."

मग तिने खोक्यातून ओली माती भरलेलं ताट काढलं आणि त्यात आगपेटीच्या काड्या खोचून दाखवल्या. तीन रांगा, एका रांगेतल्या फटीसमोर दुसऱ्या रांगेतली काडी, सगळ्या धारेच्या दिशेने जराशा कललेल्या. पाणी उतरलं की काठावर वाळुंजाच्या हातभर काड्या अशाच लावायच्या. वाळुंजाचं झाडच तसं, ओल्यात काडी खोचली की मूळ धरतं. पाणी या काड्यांमधून जाताना दमतं. दमलं की अंगावरचं ओझं खाली ठेवतं. तो गाळ. पुढच्या वर्षी त्या गाळाच्याही पुढे आणखी काड्या.

"वर्षाला चार-पाच पावलं," भिंगरी म्हणाली. "तंत्र माझ्या आजोबांचं. हात माझे. पाच वर्षांची असल्यापासून दर वर्षी मी लावतेय."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या आजोबांकडे तिने पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आजोबा आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. लाजले असतील, तिला वाटलं, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच भरात ती पुढे गेली.

"आता पलीकडचा काठ. इथे आधी गहू होता, मग कांदे, आता ओसाड दरड. कारण: नैसर्गिक धूप. पण पलीकडच्या आजींनी हुशारी केली, त्यांनी बदकं पाळली. आता नदी दारापर्यंत आली तरी त्यांची सोयच आहे."

सभागृह खदखदून हसलं. चौथ्या रांगेत, खिडकीकडेला, मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन बदकवाली आजी बसली होती. लोकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तीही हसली. तोंड न उघडता.

परीक्षक म्हणून एक निवृत्त मोजणीदार आले होते. हडकुळे, पांढऱ्या भुवया, हातात स्वतःची फूटपट्टी. ते उठून नकाशाजवळ आले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "एक सांग. नदी अरुंद झाली का गं?"

"नाही सर. साकवावरून दोरी टाकून मोजली मी. तेव्हा जेवढी रुंद होती तेवढीच आहे."

"बरं. म्हणजे इकडून जेवढी सरकली..."

फूटपट्टी त्यांनी नुसती हिरव्या तुकड्यावरून उचलून तपकिरी तुकड्यावर ठेवली.

भिंगरीने पाहिलं. एक हिरवी कोर, एक तपकिरी कोर. दोन महिने ती हे दोन आकार रंगवत होती. कात्रीने कापून एकावर एक ठेवले असते तर कडेला कड जुळली असती. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गेल्या वर्षीची कोरड घशात परत आली. चौथ्या रांगेकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं, आणि नेमकं तिथेच पाहिलं. आजी अंड्यांवरचं फडकं सारखं करत होती.

"त्या काठावर मी स्वतः मोजणीची साखळी ओढलीय," मोजणीदार खाली बसता बसता सहज म्हणाले. "नोकरीला लागलो त्या वर्षी. गहू माझ्या कमरेपर्यंत होता."

पहिला नंबर तिचाच आला.

सगळे पांगल्यावर बाईंनी नकाशाची गुंडाळी तिच्या हातात दिली. "सोमवारी हा मोठ्या प्रदर्शनाला जाईल. दोन आठवडे भिंतीवर राहील, शंभर गावचे लोक बघतील. तेवढा कारणाचा रकाना नीट कर."

"काय लिहू, बाई?"

"ते मी कसं सांगू? अभ्यास तू केलास."

"पण नदी वळणावर बाहेरचा काठ खातेच ना? पुस्तकात आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "मग तुझ्या काड्यांनी काय केलं?"

भिंगरीने गुंडाळीला रबर लावलं. तिच्या बोटांना हिरवा रंग लागला होता, तो स्कर्टला पुसला तरी निघेना.

घरी जाताना आजोबा तिच्या पुढे चालत होते. एरवी त्यांच्या गप्पा संपत नसत. वाटेत तिघांनी थांबवून अभिनंदन केलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली, बस. फाटकाशी आल्यावर कडी काढता काढता म्हणाले, "छान बोललीस. जरा जास्त बोललीस."

"काय जास्त?"

"काड्यांचं सांगायची गरज नव्हती. घरातली गोष्ट ती."

"आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं? पलीकडची जमीन जाते ते?"

"अगं, नदीला वळायचंच होतं. वळणाच्या आत गाळ साठणारच, विचार तुझ्या बाईंना. आजची गोष्ट आहे का ती? माझ्या आजोबांच्या वेळी नदी पार त्या टेकडीखाली होती म्हणतात. मी नुसता हातभार लावला." त्यांनी कडी सोडली. "नदीने दिली, आपण घेतली. नको म्हणायचं होतं का?"

पुस्तकात नदीबद्दल दोन पानं होती. हातभाराबद्दल एक ओळ नव्हती.

आई पोस्टाच्या नोकरीवरून येऊन कपड्यांना इस्त्री करत होती. नकाशा कोपऱ्यात उभा दिसला तशी म्हणाली, "पहिला नंबर काढलास ना? मग तोंड का असं? कोणी मेलंय का?"

भिंगरीने सगळं सांगितलं. आजीवरचा विनोद सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की आईला इस्त्री उभी ठेवून जवळ यावं लागलं.

"हे असं बोललीस? तिच्या देखत?"

"सगळे हसले."

"हसणारच. त्यांच्या दाराशी कुठे नदी आलीय." आई पुन्हा इस्त्रीकडे वळली. शर्टाची बाही तिने दोनदा फिरवली. "मी लग्न करून आले तेव्हा तिच्याकडे कांदे साठवायची अख्खी खोली होती. दर वर्षी एक पोतं इकडे पाठवायची. आता ती खोली नाही."

"मग तू कधी काही बोलली का नाहीस?"

"कोणाला? तुझ्या आजोबांना?" आईने बाहीची घडी घातली, मोडली, परत घातली. "आणि बोलून भाजी कुठून आणली असती? त्याच मळ्यातली खातो आपण. तूही, मीही. मी डोळे मिटले, झालं."

रविवारी सकाळी भिंगरी नकाशा काखेत मारून साकवावरून पलीकडे गेली. साकव म्हणजे लोखंडी दोर आणि त्यांवर अंथरलेल्या फळ्या. पाय ठेवला की झुलायचा. लहानपणी मुद्दाम झुलवत ती त्यावरून पळायची. आज ती दोर धरून गेली. मध्यावर थांबून तिने दोन्हीकडे पाहिलं. मागे त्यांचा मळा, रांगेत भरलेला, वाळुंजांच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे आरामात पसरलेला. समोर दरड. दरडीच्या तोंडाशी कुंपणाचा एक खांब तारेला लटकून हवेत गोल गोल फिरत होता. खाली जमीनच उरली नव्हती.

इतकी वर्षं तिने हा काठ आपल्या बाजूने पाहिला होता. तिकडून तो खांब दिसत नसे. तिकडून बदकं दिसायची, आणि ती गोड दिसायची.

बदकवाली आजी अंगणात बालदीभर पाण्यात अंडी धुऊन फडक्याने कोरडी करत होती. भिंगरी आली तसा बदकांनी असा कलकलाट केला की दोन मिनिटं कोणाला काही बोलताच येईना.

"या, पहिला नंबर," शेवटी आजी म्हणाली. "बस. तिथे नको, तिथे घाण आहे. इकडे बस."

भिंगरी बसली नाही. रस्ताभर तिने चार-पाच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"आजी, मी काल जे म्हणाले, बदकांचं... मला तसं म्हणायचं नव्हतं. माफ करा."

"अगं, माफी कसली? मलाही हसू आलं. नदी दाराशी, बदकांची सोय. चांगलं जमवलंस." आजीने एक अंडं उजेडासमोर धरून पाहिलं आणि टोपलीत ठेवलं. "घरी आल्यावर गेलं हसू. ते जाऊ दे. घे, पूस. हातावर हात ठेवून उभी राहू नकोस, मला चुकल्यासारखं वाटतं."

भिंगरीने फडकं घेतलं. अंडी कोंबडीच्या अंड्यांपेक्षा मोठी होती, फिकट निळसर, आणि तिला भीती वाटत होती की आपल्या हातून एखादं फुटेल. दोघी अंडी पुसत राहिल्या. आजी मधेच हाताने दाखवून सांगत होती, जसं कोणी पाहुण्याला घर दाखवतं: हे इथे, बदकं बसलीत ना, तिथे कांदे व्हायचे. त्यापुढे गव्हाचं रान, ते आता पाण्यात. सासूच्या काळात तर रानाच्याही पुढे गुरं चरायची. कुंपण दर वर्षी चार पावलं मागे घ्यायचं. सुरुवातीला चांगले खांब खणून काढून मागे पुरायची, मग कंटाळा आला, शेवटचा तसाच सोडला. चार पावलांत गहू होत नाही, मग कांदे. कांदेही होऊ नयेत एवढीच जमीन राहिली, मग बदकं. बदकाला काय, एक डबकं पुरतं.

चार पावलं. भिंगरीने सभागृहात तोच आकडा किती ऐटीत सांगितला होता.

"आजी, तुम्हाला माहीत होतं? आमच्या काड्यांमुळे होतं ते?"

"डोळे आहेत की मला."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलले. एकदा तुझ्या आजोबांना साकवावर गाठून बोलले. म्हणाले, नदीचं काम आहे वहिनी, माणसाच्या हातात काय असतं."

"मग उपटून का नाही टाकल्या?" भिंगरीचा आवाज चढला. तिला वाटलं, उपटल्या असत्या तर किती बरं झालं असतं. "नुसत्या खोचलेल्या तर असतात. पहिल्या महिन्यात कोणीही उपटेल."

आजीने बालदीतलं पाणी हलवलं. तळाशी आणखी एक अंडं होतं का, ते चाचपून पाहिलं. नव्हतं.

"गेले होते ना. एका वर्षी, सकाळी. साकवावर कोणी बघितलं असतं, म्हणून पाण्यातूनच. पाणी मांडीपर्यंत होतं. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक इथल्या खांबाला. म्हटलं, बुडाले तर निदान घरी तरी सापडेन." ती जराशी हसली. "पलीकडे पोचले, तीन-चार उपटल्याही. तर तू."

"मी?"

"एवढीशी. लाल झबलं, त्याला पुढे खिसा. खिशात पण काड्या. मला बघून टाळ्याच वाजवल्यास. तुला वाटलं, मी तुझी झाडं बघायला आलेय. हे बघा, आजी, हे माझं, हेपण माझं, याला मी रोज पाणी घालते. नदीतल्या झाडाला पाणी घालत होतीस तू."

"मग?"

"मग काय. उपटल्या होत्या त्या परत खोचल्या. तू शिकवलंस मला, तिरप्या कशा लावायच्या ते. माझी सरळ लागत होती तर रागावलीस."

फडकं भिंगरीच्या हातात तसंच राहिलं. तिला यातलं काही आठवत नव्हतं. आठवलं असतं तर बरं वाटलं असतं की वाईट, हेही तिला कळेना. एक बदक येऊन तिच्या बुटाची नाडी ओढू लागलं, तिने पाय हलवला नाही.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण तूच. त्याच्या पुढच्या वर्षी पण. आजोबा तुझे कुठेतरी मागे, सावलीत. म्हणायचे, गुडघ्यांना पाणी सोसत नाही."

"गुडघे चांगले आहेत त्यांचे," भिंगरी म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिने नदीपलीकडे, आपल्या मळ्याकडे पाहिलं.

आजीने तिच्याकडे पाहिलं. मग टोपलीवर फडकं पांघरलं, चारी बाजूंनी खोचलं.

"हो का," ती म्हणाली.

भिंगरीने नकाशाचं रबर काढलं, परत लावलं. कसंबसं तिने विचारलं, की बाईंनी कारणाचा रकाना दुरुस्त करायला सांगितलाय, उद्या नकाशा जायचाय, आता तिथे काय लिहू.

"तुझा नकाशा, तुझं अक्षर. लिहून काही माझं रान वर येणार नाही." आजी गुडघ्यांवर हात टेकून उठली. तिच्या गुडघ्यांचा कडकड आवाज झाला. "नैसर्गिक तेवढं खोड. काल तू बोलत होतीस ना, तेवढा वेळ मी त्या एका शब्दाकडे बघत होते. एवढं ठळक कशाला काढलंस?"

निघताना तिने चार अंडी पिशवीत घातली. भिंगरीने नको म्हटलं. आजी म्हणाली, आईला दे, तुला नाही. आणि भिंगरीला ती घ्यावी लागली. साकवावरून परतताना पिशवी तिने छातीशी धरली होती, आणि तिला सारखं वाटत होतं की दोन्ही काठांवरून लोक बघताहेत. काठावर कोणी नव्हतं.

आजोबा मागच्या अंगणात, छपराखाली बसून वाळुंजाच्या फांद्या छाटत होते. पाणी उतरत आलं होतं. एकसारख्या हातभर काड्या, खालचं टोक तिरपं, वीस-वीसची जुडी. कोयत्याचा हात इतका सराईत की त्यांना बघावं लागत नसे. भिंगरीला पाहून ते बोलले, पण नजर तिच्या पिशवीवर होती.

"पलीकडे गेली होतीस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"बघ." त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला तिला स्पष्ट दिसला. कोयता पुन्हा चालू झाला. "मला ठाऊक होतं. तुला ती कधी काही बोलायची नाही. म्हणून तर..."

कोयता दोन फांद्यांनंतर थांबला.

आजोबांनी हातातली काडी उलटीसुलटी करून पाहिली, जणू तिचं कुठलं टोक खालचं, हे त्यांना पहिल्यांदाच कळेनासं झालं होतं. ते वर बघतील म्हणून भिंगरी उभी राहिली. ते बघेनात, तेव्हा तिने अंडी कोनाड्यात ठेवली, छाटलेल्या पाल्यावरून चालत त्यांच्या समोर आली आणि जमिनीवर नकाशा उलगडला. कोपरे वळायला लागले, त्यांवर तिने दोन बाजूंना दोन जुड्या ठेवल्या.

"उद्या द्यायचाय हा," ती म्हणाली. "कारण लिहायचंय."

"लिही की. नदीचा प्रवाह लिही. खोटं नाही ते."

"अर्धंच आहे."

आजोबांनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पेन्सिलीने लिही. नंतर खोडता येतं."

भिंगरीने पेनाचं टोपण काढलं. आधीचा ठळक शब्द तिने पांढऱ्या रंगाने झाकून टाकला, फुंकर मारली, वाळेपर्यंत थांबली. रकाना लहान होता, दोन बोटंच रुंद. त्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं: नदीचा प्रवाह. त्याखाली: वाळुंजाची लागवड. त्याखाली कंस केला, आणि त्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या हजेरीपटात असतं तसं.

आजोबा पुढे वाकून ओठ हलवत वाचत होते. वाचून झाल्यावरही त्यांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले.

"तुझं कशाला त्यात?"

"लावल्या कोणी?"

"तू लहान होतीस."

"हो," भिंगरी म्हणाली.

तिने टोपण लावायला घेतलं तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. पेन मागायला, हे तिला जरा उशिरा कळलं. त्यांनी हात आधी धोतराला पुसला, मग पेन धरला, कोयत्यासारखा, मुठीत. भिंगरीच्या नावाच्या वर जागा नव्हती. बाजूला नव्हती. ते कुठे लिहावं म्हणून बराच वेळ टोक कागदाच्या वर धरून होते, आणि मग त्यांनी सुरुवात केली, आपलं नाव, वडिलांचं नाव, वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत, रकान्याची रेघ ओलांडून, तपकिरी रंगावरून पुढे, नाव जिथे संपलं तिथपर्यंत, थेट नदीत.

शाई वाळेपर्यंत दोघांपैकी कोणी नकाशाला हात लावला नाही.